झोपाळ्याची फळी

आमच्या घरांत कोणतेंहि यंत्र राजमार्गानें येत नाहीं. शिवणयंत्र आलें तें वहिनींच्या माहेरच्या नांवावर, मिक्सर आला तो दिवाळीच्या भेटीचें निमित्त करून, आणि चक्रकरवत आली ती पुस्तकांच्या कपाटाच्या आडून. झालें असें कीं, तीन फळ्यांचें एक साधें कपाट करून देण्यास सुतारानें जी मजुरी सांगितली, तेवढ्यांत विजेवर चालणारी करवतच विकत मिळते, असा हिशेब आम्हीं घरांतील मंडळींपुढें मांडला. हिशेब बिनचूक होता. त्यांत फळ्यांची किंमत तेवढी धरावयाची राहिली होती, व ती उणीव माजघरांतून तत्काळ आमच्या ध्यानांत आणून देण्यांत आली. पण तोंवर यंत्र दारांत येऊन पडलें होतें.

दुकानदार त्याला ‘सर्क्युलर सॉ’ म्हणतो, मिस्त्री नुसतें ‘मशीन’ म्हणतात, आणि आमच्या मातोश्री ‘तुझी ती घरघर’ असा तिचा उल्लेख करतात. एका हातांत मावेल अशी मूठ, तिच्या पोटाशीं मोटार, मोटारीच्या आंसावर दांतेरी चकती, आणि खालीं इस्त्रीसारखी एक सपाट पत्र्याची बैठक. ही बैठक लांकडावर टेकवून यंत्र पुढें सरकवीत न्यावयाचें, एवढीच तिची रचना. आमच्या चकतीचा व्यास १८५ मिलिमीटर आहे आणि ती मिनिटाला सुमारें ५००० फेरे घेते. याचा अर्थ तिच्या कडेवरील प्रत्येक दांता एका सेकंदांत सुमारें ४८ मीटर अंतर तोडतो, म्हणजे ताशीं १७० किलोमीटरांहून अधिक वेग झाला. पुण्याहून मुंबईस जाणारी कोणतीहि आगगाडी त्या दांत्याची बरोबरी करणार नाहीं. हा हिशेब आम्हीं यंत्र घेतल्यावर केला. तो आधीं केला असता तर कदाचित् सुताराची मजुरीच स्वस्त वाटली असती.

या करवतीचा वंश पाहूं गेल्यास तो जुना आहे. इंग्लंडांत साउदॅम्प्टनच्या सॅम्युअल मिलर यानें १७७७ सालीं जें पेटंट घेतलें त्यांत वर्तुळाकार करवतीचा उल्लेख सांपडतो. अमेरिकेंत टॅबिथा बॅबिट नांवाच्या एका धर्मपंथीय बाईस चरखा फिरतांना पाहून ही कल्पना सुचली अशी एक गोड कथा आहे. तिच्या खरेपणाविषयीं मात्र मतभेद आहेत. आम्हांस अधिक जवळची वाटते ती हातांत धरावयाच्या विजेच्या करवतीची हकीकत. १९२० नंतरच्या त्या वर्षांत एडमंड मिशेल हा गृहस्थ लुइझियानांत ऊंस तोडणाऱ्या मजुरांचे कष्ट पाहून कोयत्यालाच मोटार बसवितां येईल काय, या विचारांत पडला, व त्या खटपटींतून ऊंसाचा कोयता न निघतां लांकडाची करवत निघाली. आमच्या इकडचा ऊंस अद्यापहि बराचसा हातच्या कोयत्यानेंच तुटतो, आणि त्या कोयत्याच्या शोधांतून निघालेलें यंत्र आमच्या गच्चीवर फळ्या कापीत बसतें, हा योग विलक्षण खरा.

असो. कपाट आम्हीं केलें. तें अजून बाहेरच्या खोलींत उभें आहे, व आलेल्या पाहुण्यांनीं त्याची स्तुतीहि केली आहे. मात्र आमच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री एकदां चहास आले असतां कपाटाकडे एक डोळा मिटून पाहात राहिले आणि म्हणाले, “नाना, कपाट झोपाळू दिसतंय.” आम्हांस वाटलें, विनोद आहे. त्यांनीं खिशांतून गुण्या काढून कोपऱ्यास लावला, तेव्हां वरच्या बाजूस प्रकाशाची बारीक फट दिसूं लागली. प्रत्येक फळीची कड केंसभर तिरपी कापली गेली होती, आणि तीन फळ्यांचा तो केंसभरपणा एकत्र होऊन सबंध कपाट भिंतीकडे कलंडलें होतें. “मशीनचा कांटा शून्यावर होता,” आम्हीं पुरावा दिला. “कांटा छापलेला असतो हो,” मिस्त्री म्हणाले, “गुण्या घासून केलेला असतो.”

येथपर्यंत हा हौशीचा मामला होता. हौशीच्या कामांत फळी बिघडली तर दुसरी आणतां येते. परंतु २०२१ सालीं आमचा सदाशिव पेठेंतील वाडा पाडून तेथें इमारत उभारण्याचें ठरलें, सामान उचलावें लागलें, आणि सामानाबरोबर ओसरीवरचा झोपाळाहि निघाला. कड्या, सांखळ्या वगैरे पितळी सामान वहिनींनीं चिंच लावून घासून गुंडाळून ठेवलें. फळी मात्र गुंडाळतां येण्यासारखी नव्हती. अखंड सागवानाची, पावणेसहा फूट लांब, वीस इंच रुंद आणि चौदा सूत जाड. (ज्या तरुण वाचकांस सुताचें माप परकें झालें असेल त्यांच्यासाठीं सांगतों, आठ सुतांचा एक इंच.) नव्या घराच्या गॅलरींत झोपाळा टांगण्याची सोय आहे, पण तेथें साडेचार फुटांहून लांब फळी फिरूं शकत नाहीं. तेव्हां पंधरा इंच कापणें भाग होतें.

पंधरा इंच कोणत्या बाजूचे, हा प्रश्न निघाला आणि घरांतील बोलणें एकदम थांबलें. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं झोपाळा होता त्यांना हें समजावून सांगावें लागणार नाहीं. झोपाळ्यावर जागा ठरलेल्या असतात. उजवें टोंक आमच्या वडिलांचें होतें. सकाळीं वर्तमानपत्र, दुपारीं अडकित्ता, संध्याकाळीं नातवंडांचे पाढे, हें सर्व त्या टोंकास होत असे. आणि पायानें रेटा देतांना तळव्याखालील फरशी व मांडीखालील फळी या दोहोंवर वर्षानुवर्षांचा गुळगुळीतपणा चढला होता. ते २००९ सालीं वारल्यानंतर त्या टोंकास कोणी बसूं नये असा नियम कोणीं केला नाहीं, पण कोणी बसतहि नसे. डावें टोंक मातोश्रींचें. त्या आजहि चौऱ्यायशीव्या वर्षीं तेथेंच बसतात, किंवा झोपाळा निघेपर्यंत बसत होत्या.

आमच्या थोरल्या बंधूंनीं, म्हणजे अण्णांनीं, दोन्ही टोंकांकडून साडेसात-साडेसात इंच कापावें असा तडजोडीचा तोडगा काढला. तो मानवी दृष्ट्या चांगला व सुतारकीच्या दृष्टीनें निरुपयोगी होता. कारण फळीच्या चारी कोंपऱ्यांस कड्यांचीं भोंकें आहेत, आणि उजव्या टोंकाच्या पुढील भोंकापासून एक चीर निघून आंत पांच इंच गेलेली होती. साडेसात इंच कापले तर चीर शिल्लक राहते, आणि चिरेच्या तोंडाशीं नवीन भोंक पाडून त्यावर माणसाचें वजन टांगावें लागतें. सुरक्षित उपाय एकच होता, व तो आम्हां दोघां भावांपैकीं कोणाच्याहि तोंडून निघेना. शेवटीं मातोश्रींनींच विचारलें, “चीर कुठल्या बाजूला आहे?” आम्हीं सांगितलें. त्या म्हणाल्या, “मग विचारता काय? तिकडूनच कापा. मोडून कोणी पडलं तर त्यांना का बरं वाटणार आहे?”

बाहेरच्या गिरणींत फळी न्यावी असें अण्णांचें मत होतें. मातोश्रींनीं तेंहि नाकारलें. फळी घराबाहेर जावयाची नाहीं. मग आमच्या यंत्राकडे सर्वांनीं पाहिलें, आणि आमच्या पोटांत गोळा उठला. त्याचें कारण आम्हीं तोंवर घरांत कोणास सांगितलेलें नव्हतें. पण एका व्यक्तीस तें ठाऊक होतें.

कपाटानंतर काहीं दिवसांनीं आम्हीं प्लायवुडचा एक मोठा तुकडा कापावयास घेतला होता. दोन टोंकांखालीं दोन स्टुलें ठेवलीं आणि मधोमध करवत घातली. टोंकें टेकलेलीं व मध्य अधांतरीं असला म्हणजे कापतां कापतां मध्य खालीं लवतो, चिरेच्या दोन्ही भिंती वरच्या बाजूस एकमेकींकडे येतात आणि चकतीला चिमटा बसतो. हें आतां आम्ही शास्त्रीबुवांसारखे सांगतों. त्या दिवशीं माहीत नव्हतें. चिमटा बसतांच चकती लांकडावर चढली, आणि सबंध यंत्र आमच्या दिशेनें मागें उडालें. अशा वेळीं संरक्षण व्हावें म्हणून चकतीच्या खालच्या अंगास एक झांकण असतें. तें लांकूड संपतांच स्प्रिंगनें आपोआप मिटतें. आमचें तें झांकण कापण्यास आरंभ करतांना अडखळे, म्हणून आम्हींच त्यांत लांकडाची एक पाचर मारून तें कायमचें उघडें ठेवलें होतें. चकती गुडघ्याच्या वर लेंग्यास चाटून गेली. मांस वांचलें तें केवळ लेंगा ढगळ होता म्हणून. आम्ही बराच वेळ गच्चीवर बसून राहिलों, मग लेंगा जुन्या कपड्यांच्या गांठोड्यांत तळाशीं घातला आणि खालीं येऊन नेहमींप्रमाणें जेवलों.

पुढें बोहारीण आली, गांठोडें सुटलें, आणि तिनें तो लेंगा उचलून धरीत “बाई, हा नाही चालायचा, फाटलेला आहे,” म्हणून बाजूस टाकला. फाटलेला नव्हताच तो. कापलेला होता, दोन बोटें रुंद, कडा सुबक. आमच्या घरांतून त्या वेळीं एक शब्दहि बोलणें झालें नाहीं. रात्रीं तो लेंगा घडी करून आमच्या उशीवर ठेवलेला होता. मिस्त्री समोर उभे असल्याशिवाय यंत्रास हात लावावयाचा नाहीं, ही अट त्या रात्रीं ठरली आणि ती आम्हीं पाळली आहे.

तेव्हां झोपाळ्याची फळी कापावयाची तर मिस्त्रींस बोलावणें ओघानेंच आलें. ते राजापूरकडचे. डाव्या हाताच्या तर्जनीचें एक पेर नाहीं. विचारलें तर म्हणतात, “मशीननं नाही, वाकसानं. मशीनला मी भितो म्हणून दहाच्या दहा जागेवर आहेत असं समजा.” त्यांनीं फळी पाहिली, चिरेवरून हात फिरवला, आणि आम्हांस म्हणाले, “कापायचं तुम्ही. फळी तुमच्या घरची आहे. मी उभा राहतो.” आम्हांस वाटलें होतें कीं दहा मिनिटांचें काम. यंत्र लावण्यांतच सबंध सकाळ गेली, आणि कापण्यास दोन मिनिटें लागलीं. त्या सकाळचें वर्णन करावें म्हणूनच हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट त्यांनीं केली ती अशी कीं, विजेचा प्लग काढून तो स्वतःच्या खिशांत ठेवला. बटण बंद करणें निराळें आणि प्लग हातीं असणें निराळें. मग चकती सोडविली. ती यंत्राबरोबर आलेली चोवीस दांत्यांची होती. कमी दांते, मोठ्या खांचा: अशी चकती तंतूंच्या दिशेनें लांकूड उभें चिरण्यास उत्तम, कारण भुसा भराभर बाहेर पडतो. आम्हांस कापावयाचें होतें तें तंतूंना आडवें. तेथें दांते थोडे असले तर प्रत्येक दांता मोठा घांस घेतो व कडेचे तंतु उपटून काढतो. म्हणून साठ दांत्यांची नवी चकती आणली होती. आतांच्या चकत्यांच्या दांत्यांस टंगस्टन कार्बाइडचीं लहान टोंकें डांखलेलीं असतात. तीं फार दिवस धार धरतात, पण कांचेसारखीं ठिसूळ असतात, आणि खिळा लागला तर तुटून उडतात.

नव्या चकतीचें भोंक आमच्या आंसाहून मोठें होतें. तें भरून काढण्यास एक बारीक कडें बरोबर येतें. तें कडें आम्हीं डबींतून काढतांना भुशांत पाडलें, आणि “एवढ्याशा कड्यानें काय होतें, वरून बोल्ट आवळतोच आहोंत,” असें बोलून गेलों. मिस्त्रींनीं उत्तर न देतां गुडघ्यांवर बसून भुसा चाळला व कडें शोधून काढलें. कडें नसलें तर चकती आंसावर एका अंगास लोंबते, मध्यबिंदूवर फिरत नाहीं, आणि मिनिटाला ५००० फेऱ्यांच्या वेगांत तो लहानसा वांकडेपणा सबंध यंत्रास थरथर कांपवितो. चकतीच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या-तबकड्या त्यांनीं फडक्यानें पुसविल्या; त्यांवर डिंकासारखा वाळलेला चिकटा राहिला तरी चकती लुडबुडते. चकतीवरील बाण व यंत्रावरील बाण एकाच दिशेस आहेत हें पाहिलें. शेवटीं चकतीवर छापलेला कमाल वेगाचा आंकडा त्यांनीं आमच्याकडून मोठ्यानें वाचून घेतला, कारण यंत्राचा वेग त्याहून अधिक असून चालत नाहीं.

नंतर ती पाचर. झांकणांत ती अजून होती. मिस्त्रींनीं ती काढली, झांकण पांच-सहा वेळां उघडून मिटवून पाहिलें, स्प्रिंगेच्या सांध्यांतून साठलेला भुसा ब्रशानें झाडला, आणि झांकण चटकन् मिटूं लागलें. जें अडखळतें म्हणून आम्हीं बांधून ठेवलें होतें तें केवळ मळलेलें होतें! पाचर त्यांनीं आमच्या हातांत दिली. ती आम्हीं फेंकलेली नाहीं. टेबलाच्या खणांत आहे.

आतां गुण्या. चकती जितकी खालीं येईल तितकी घेतली, झांकण वर धरलें, यंत्र उलटें करून बैठकीवर गुण्याची एक भुजा टेकविली व दुसरी चकतीच्या अंगास लावली. येथें आम्हीं भुजा दांत्यावर टेकविली होती. दांता चकतीच्या पोटाहून जाड असतो, त्यावर टेकलें तर गुण्या खोटें सांगतो. दोन दांत्यांमधल्या सपाट पोटावर टेकवावें लागतें. तसें केल्यावर उजेडाची फट स्पष्ट दिसली. कांटा शून्य दाखवीत होता आणि चकती सुमारें एक अंश कलंडलेली होती. एक अंश म्हणजे किती? चौदा सूत जाड फळींत वरची कड व खालची कड यांत पाऊण मिलिमीटरांहून किंचित् अधिक, म्हणजे पाव सूत. फार नव्हे, पण आमचें कपाट तेवढ्यावरच निजलें होतें. बैठकीजवळ एक लहान स्क्रू असतो, चकतीचा उभेपणा त्यावर अडतो. तो पाव फेरा फिरवून पुन्हां पाहिलें, पुन्हां अर्धा पाव फेरा, असें करीत फट नाहींशी झाली.

एवढ्यानें मिस्त्रींचें समाधान नव्हतें. गुण्यावरहि त्यांचा आंधळा विश्वास नाहीं. त्यांनीं एक टाकाऊ फळी कापविली, दोहोंपैकीं एक तुकडा उलटा केला, आणि कापलेल्या दोन कडा एकमेकींस भिडविल्या. हा उपाय आम्हांस फार आवडला. चूक अर्ध्या अंशाची असली तर उलटवल्यामुळें ती एका अंशाची दिसते. यंत्र स्वतःच आपली चूक दुप्पट करून दाखवितें, लपवूं शकत नाहीं. आमच्या कडा भिडल्या त्यांत कागद शिरला नाहीं.

चकती बैठकीच्या कडेशीं समांतर आहे कीं नाहीं हेंहि पाहावें लागतें. एका दांत्यास खडूची खूण केली, तो पुढें आणून कडेपासूनचें अंतर मोजलें, मग तोच दांता मागें फिरवून पुन्हां मोजलें. तोच दांता कां, तर प्रत्येक दांता वेगळ्या बाजूस झुकलेला असतो. मागचें अंतर वेगळें आलें तर चकतीची पाठ चिरेच्या भिंतीस घांसते, लांकूड काळें जळतें, आणि यंत्र मागें ढकललें जातें. आमचें अंतर जुळलें. देवाची कृपा, कारण आमच्या यंत्रांत तें सुधारण्यास स्क्रूच नाहीं. चकतीच्या मागें जी पातळ पोलादी जीभ असते, कापलेली चीर मिटूं नये म्हणून, तिचें दांत्यांपासूनचें अंतर पांच मिलिमीटरांहून अधिक नसावें. पुष्कळ कारागीर ही जीभ अडचण म्हणून काढून फेंकतात. आम्हीं फेंकली नव्हती, पण ती आवळावयाची राहिल्यानें डुलत होती, म्हणजे असून नसल्यासारखीच.

खोलीविषयीं आमची एक ठाम समजूत होती कीं, चकती जितकी खोल तितकें काम जोरकस. मिस्त्रींनीं चकती फळीच्या जाडीपेक्षां दोनच सूत खालीं ठेविली. कारण विचारलें तेव्हां त्यांनीं हवेंत हातानें वर्तुळ काढून दाखविलें. खोल घातलेल्या चकतीचा दांता लांकडांतून जवळजवळ उभा वर येतो व वरचे तंतु उपटतो. उथळ चकतीचा दांता तिरपा निघतो व ते कापतो. शिवाय फळीखालीं जेवढी चकती बाहेर, तेवढा धोका बाहेर. दांते खालून वर येत असल्यामुळें फाटाफूट होते ती वरच्या पृष्ठभागावर. म्हणून झोपाळ्याची बसण्याची बाजू खालीं व पोट वर, अशी फळी पालथी घातली.

पालथी घातल्यावर पोटावर सुताराच्या पटाशीनें खरवडलेला एक आंकडा दिसला: ३. तीन कशाचे, कोणास ठाऊक. साठ वर्षें आम्ही त्या आंकड्यावर बसत आलों आणि तो कोणींच पाहिला नव्हता. अण्णा बराच वेळ त्यावर बोट फिरवीत बसले. मिस्त्रींनीं तोंवर लोहचुंबक दोऱ्यास बांधून सबंध रेघेवरून फिरविलें. एका ठिकाणीं दोरा ताणला. तेथें लांकडाच्या आंत डोकें मोडलेला खिळा होता, नेमका रेघेपासून दोन सुतांवर. तो उकरून काढला नसता तर साठांपैकीं किती दांते राहिले असते, याची कल्पना न केलेलीच बरी.

यंत्र नुसत्या हातानें सरळ जात नाहीं, हात कितीहि कसलेला असो. त्यासाठीं मिस्त्रींनीं आमच्याकडून एक साधन करवून घेतलें होतें, तें इतकें सोपें आहे कीं घरोघरीं करावें. पातळ प्लायच्या एका रुंद पट्टीवर दुसरी सरळ कडेची अरुंद पट्टी चिकटवावयाची, आणि यंत्राची बैठक तिला टेकवून एकदां कापून घ्यावयाचें. रुंद पट्टीची जी कड त्या यंत्रानें, त्या चकतीनें कापली गेली, ती कड हीच यापुढें कापण्याची रेघ. ती खुणेवर टेकवून दोन शिकंज्यांनीं आवळली कीं मोजणें नाहीं, वजाबाकी नाहीं. मात्र चकती बदलली कीं साधन बदलावें लागतें, व पट्टी फळीच्या राहणाऱ्या भागावर ठेवावी लागते. कारण चकतीहि पाऊण सूत लांकूड खाते, आणि तें टाकाऊ बाजूचें खावें. फळीखालीं दोन स्टुलें न ठेवतां जमिनीवर तीन टाकाऊ पट्ट्या तिच्या लांबीच्या दिशेनें अंथरल्या, म्हणजे कापल्यावर दोन्ही तुकडे जागचे जागीं राहतात, कोणीच लवत नाहीं, चिमटा बसत नाहीं. स्टुलांकडे आम्हीं मुद्दामच पाहिलें नाहीं.

डोळ्यांस चष्मा, कानांत बोळे, नाकास मुसकें. सागाच्या भुशानें पुष्कळांच्या अंगास खाज सुटते, आणि लांकडाचा भुसा हा कर्करोगास कारण होतो असा निर्णय जागतिक आरोग्यसंघटनेच्या कर्करोगसंशोधन-संस्थेनें १९९५ सालींच दिलेला आहे. मिस्त्रींनीं आमच्या बाह्या दुमडविल्या, मग किंचित् संकोचानें म्हणाले, “नाना, जानवं आत आहे ना?” होतें, पण ही सूचना कोणत्याहि माहितीपुस्तिकेंत आम्हांस आढळली नसती. आमच्या पुतण्यानें विचारलें, बोट लागतांच थांबणारी करवत असते म्हणे? असते. स्टीव्हन गॅस या अमेरिकन गृहस्थानें १९९९ सालीं मेजाच्या करवतीसाठीं तशी युक्ति काढली. त्वचेचा स्पर्श होतांच पांच सहस्रांश सेकंदांत चकती थांबते. आमच्या यंत्रास ती नाहीं. “मग?” पुतण्या म्हणाला. “मग बोट लावायचं नाही,” मिस्त्री म्हणाले, व खिशांतून प्लग काढून त्यांनीं आमच्या हातीं दिला.

खालून मातोश्री आल्या त्या याच क्षणीं. गच्चीचा जिना त्या सहसा चढत नाहींत. खुर्ची दिली ती त्यांनीं घेतली नाहीं. आमच्या घरांतूनहि मंडळी येऊन मागें उभी राहिली होती, आणि ती कोणाच्या गुडघ्याकडे पाहात होती हें न वळतांहि आम्हांस कळत होतें.

पहिला फेरा एकच सूत खोल मारला, नुसते तंतु तोडण्यापुरता. मग यंत्र थांबवून खोली पुरी केली. यंत्र सुरू करून त्याचा वेग पुरा होईपर्यंत दांते लांकडापासून दूर धरले, शरीर यंत्राच्या मागें न ठेवतां बाजूस घेतलें, आणि पुढें सरकलों. जुना साग चिवट असतो. यंत्राचा आवाज खालीं बसूं लागला कीं हात सैल करावा, ढकलूं नये, असें मिस्त्रींनीं बजावलें होतें. वीस इंच. मध्यावर आलों तेव्हां सागाचा तो तेलकट, कडवट वास सुटला आणि अण्णा काहीं बोलले, तें आम्हांस ऐकूं आलें नाहीं. शेवटच्या दोन इंचांवर हात थरथरला. पट्टी होती म्हणून रेघ थरथरली नाहीं. चकती बाहेर आली, बटण सोडलें, झांकण मिटल्याचा ‘टप्’ असा आवाज झाला. तो आवाज आमच्या घरांतून मुद्दाम ऐकला गेला असावा, कारण त्यानंतरच चहास काय करावें याची चौकशी झाली.

मिस्त्रींनीं कडेस गुण्या लावला. काहीं बोलले नाहींत. गुण्या खिशांत घातला.

कापलेला तुकडा वीस इंच बाय पंधरा इंच, त्यांत दोन भोंकें आणि ती चीर. अण्णा तो कागदांत बांधून ठेवूं लागले. मातोश्री म्हणाल्या, “बांधून काय ठेवतोस? पाट कर त्याचा.” पाटाच्या पट्ट्या तंतूंना आडव्या येतात, त्यामुळें चीर आपोआप आवळली जाईल, असें मिस्त्रींनींहि सांगितलें, भोंकांत शिसवीच्या खुंट्या बसविल्या. झोपाळा नव्या गॅलरींत टांगला आहे, व मातोश्री डाव्या टोंकास बसतात. उजव्या टोंकास सध्यां आमच्या पुतण्याची मुलगी बसते, कारण तिला कोणीं काहीं सांगितलेलें नाहीं.

पाट आम्हीं केला; पण त्याची एक पट्टी अर्धा सूत उंच राहिली आहे, आणि जेवतांना तो डुगडुगतो. मिस्त्री गणपतींकरितां गांवीं गेले आहेत. ते परत येईपर्यंत यंत्रास हात लावावयाचा नाहीं, ही अट कायम आहे.